बारानंतरचं ताट

दुपारी बारानंतर मी काही खात नसे, आणि ही गोष्ट चारचौघांना कळेल याची तजवीजही करत असे. लग्नात, बारशात, संध्याकाळच्या सभेनंतरच्या अल्पोपाहारात प्लेट पुढे आली की मी हात जोडून म्हणायचो, "माझं बाराच्या आत झालंय." समोरच्याच्या चेहऱ्यावर जो आदर उमटायचा, तो मला त्या प्लेटमधल्या जिलेबीपेक्षा गोड लागायचा. आता मार्गशीर्ष-पौषात मी लोहगडवाडीतल्या एका स्वयंपाकघरात संध्याकाळी सात वाजता हुलग्याचं माडगं पितो आणि वर अर्धी बाजरीची भाकरी खातो. मध्ये काय झालं, असं ओळखीचे लोक विचारतात. कुणाला मी डॉक्टरांचं नाव पुढे करतो, कुणाला थंडीचं, कुणाला वयाचं. तिन्ही खरं आहे, पण तेवढ्याने भागत नाही.

माझी सगळी नोकरी देहूरोडच्या डेपोत गेली. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला रंगूनहून आलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली, त्या गर्दीत माझे वडील होते. नागपूरची दीक्षा त्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी झाली. पंचशील मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. अष्टशील पुढे आलं, तेही पौर्णिमेच्या उपोसथापुरतं. त्यातलं सहावं शील विकालभोजनाचं: मध्यान्ह उलटल्यापासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत अन्न घ्यायचं नाही. उपासकाने ते पौर्णिमेला पाळावं, वर्षावासात जमेल तसं वाढवावं, एवढीच अपेक्षा असते. मी निवृत्त झाल्यावर ते बारमाही करून टाकलं. शिवाय पदरची भर घातली. तूप बंद, गूळ बंद, तीळ-शेंगदाणा बंद. ही भर कुठल्याही ग्रंथात नव्हती, ती माझी हौस. मधुमेह निघाल्यावर तर गूळ सोडल्याबद्दल शाबासकीसुद्धा मिळाली, आणि शील व पथ्य आपण एकाच ताटात सांभाळतोय अशी माझी खात्री झाली.

लोहगडवाडीला आलो तो भाजे लेण्यांच्या ओढीने. मळवलीला लोकलमधून उतरायचं, भाजे गावातून चढायला लागायचं, गायमुख खिंडीत पोचलं की डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड, आणि लोहगडाच्या पायथ्याशी ही वाडी. २०२५ च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यात लोहगड आहे. त्यामुळे आता नाव सांगितलं की फार समजावून द्यावं लागत नाही. एका ओळखीच्या घराची मागची खोली मी भाड्याने घेतली. शनिवार-रविवारी ते घर गडावर येणाऱ्या पोरांना पिठलं-भाकरी वाढतं, बाकी दिवस शेती आणि म्हशी. घरची बाई माझ्यापेक्षा थोडी लहान. मी त्यांना वहिनी म्हणतो, त्या मला दादा.

पावसाळा निभावला. मावळातला पाऊस अंगावर घेऊन राहायची मला सवय होती. थंडीचं गणित मात्र वेगळं निघालं. दिवस मावळला की खिंडीतून वारा सुटतो तो पहाटेपर्यंत, आणि पवनेच्या बाजूला धुकं इतकं साचतं की खाली धरण आहे हे ठाऊक असणाऱ्यालाच ठाऊक. संध्याकाळी सातला घरातली सगळी माणसं चुलीपुढे. बाजरीची भाकरी, त्यावर तीळ थापलेले, खुरासणीची चटणी, ओल्या लसणीचा ठेचा, कशाचं तरी कोरड्यास. मी बाजूला बसून कोमट पाणी पीत असे. वहिनी रोज ताट वाढायच्या आणि मी रोज ते परत करायचो.

एकदा त्यांनी विचारलंच. "दादा, आमच्या घरचं चालत न्हाई का तुमास्नी?"

मी घाईघाईने शील, उपोसथ, विकाल सगळं समजावलं. त्यांनी मान डोलावली, पण प्रश्न मला रात्रभर टोचत राहिला. माझ्या आजोबांच्या पिढीला कुणाच्या चुलीपुढचं ताट मिळणं ही गोष्ट स्वप्नातही नव्हती. आणि इथे, वाढलेलं ताट रोज परत करणारा मी होतो, तेही पुण्याच्या हिशोबात. त्या रात्री माझा विचार बदलला असं म्हणायला चांगलं वाटेल, पण तसं झालं नाही. मी फक्त थोडा लांब बसायला लागलो, वहिनींना ताट वाढावंसं वाटू नये म्हणून.

पौषातल्या एका रात्री जाग आली ती घामाने. गोधडीत, त्या थंडीत, सदरा ओला. हात थरथरत होते, छातीत धडधड, आणि डोकं इतकं बधिर की साखर तपासायच्या यंत्रात पट्टी कुठल्या बाजूने घालतात हे आठवेना. आकडा साठच्या खाली आला. सत्तरच्या खाली गेली की कमी म्हणतात, एवढं मला ठाऊक होतं. भिंतीवर थापा मारल्या. वहिनी आल्या, यंत्राकडे बघितलंही नाही. बत्त्याने गुळाची ढेप फोडली, पितळी पेल्यात पाणी घेतलं, चमचा शोधण्यात वेळ न घालवता बोटानेच ढवळलं आणि पेला माझ्या तोंडाला लावला. मी अशा अवस्थेतही म्हणालो, "बारा वाजून गेलेत."

"उद्याचं बारा अजून वाजायचं हायेत," त्या म्हणाल्या. "प्या."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. दुपारनंतर मी काही खात नाही हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. त्यांनी विचारलं नाही, मी बोललो नाही. त्यांनी कागदावर घड्याळ काढून दाखवलं. मी घेत होतो ती गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. बारापासून सकाळी सातपर्यंत एकोणीस तास. त्यात दिवसभर चढ-उतार, आणि थंडीत अंग तापवायला शरीर आणखी जळण खातं. वजन उतरत होतं त्याचा मला अभिमान होता. त्यांना त्यात मांड्यांचे स्नायू गेलेले दिसले. वय वाढलं की थंडीशी झुंजायची शरीराची ताकद कमी होते, आणि स्नायू गेले की आणखी. तळपाय शेगडीजवळ धरू नका, हेही बजावलं. मधुमेहात पायाची जाणीव मंदावते, चटका बसलेला कळत नाही. गोळी बदलता येईल, असं ते म्हणाले, रिकाम्या पोटी साखर इतकी न पाडणारी औषधं आहेत. "पण हिवाळाभर संध्याकाळी काहीतरी खा. मग उन्हाळ्यात तुमच्या नियमाचं बघू."

नियमाचं बघू! मला राग आला. नियम हा काय ऋतूप्रमाणे बदलायचा स्वेटर आहे का, असं मनात म्हणतच मी वाडीवर परतलो, आणि डॉक्टरांना खोटं पाडायला पुस्तकं काढली. धर्मानंद कोसंबींचा ‘बौद्धसंघाचा परिचय’ घरात होता, राहुल सांकृत्यायनांनी हिंदीत केलेला विनयपिटक विहारातल्या मित्राकडून आणला. पुढचे काही आठवडे तेच वाचत होतो. मनोगत म्हणून जे काही सांगायचं आहे ते खरं तर इथे आहे.

पहिला धक्का रात्रीच्या जेवणाचा. मला वाटत होतं, बारानंतर न खाण्यामागे काहीतरी गूढ साधना असणार. मज्झिमनिकायात उदायी नावाचा भिक्खू सांगतो ती हकिगत फार साधी आहे. आधी भिक्खू सकाळी, दुपारी, संध्याकाळी, सगळ्या वेळी खात. चांगलंचुंगलं रात्रीच रांधलं जायचं, त्यामुळे बंदी आली तेव्हा त्यांना वाईटही वाटलं. पण अंधारात भिक्षेला फिरणारे भिक्खू गटारात पडत, काटेरी कुंपणात शिरत, झोपलेल्या गाईला अडखळत. एकदा पावसाच्या रात्री भांडी घासणाऱ्या बाईला विजेच्या लखलखाटात उदायी दिसला आणि ती भूत समजून किंचाळली. कोण आहे ते कळल्यावर तिने त्याला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. नियमामागे आरोग्यही आहे. रात्रीचं न खाल्ल्याने हलकं वाटतं, असं स्वतः बुद्धांनी म्हटल्याचं दुसऱ्या सुत्तात आहे, आणि त्याचा अनुभव मलाही बरीच वर्षं आला. पण नियमाच्या मुळाशी दुसऱ्याच्या दारात अवेळी उभं न राहण्याची काळजी आहे, हे मी साठी ओलांडल्यावर वाचत होतो. आणि माझ्या बाबतीत तर दारातली बाईच ताट घेऊन उभी होती.

मग विनयपिटकाच्या महावग्गातला औषधांचा खंधक, म्हणजे प्रकरण. शरद ऋतूत भिक्खूंना आजार झाला. पेज पोटात ठरेना, भात ठरेना, माणसं फिकट पडली, अंगावर शिरा दिसायला लागल्या. बुद्धांनी विचार केला की असं काहीतरी हवं जे औषधही असेल आणि जेवण म्हणून गणलं जाणार नाही. तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी, या पाच गोष्टींना परवानगी दिली, पण बाराच्या आतच. त्याने आजार वाढला, कारण जेवणाबरोबर ते स्निग्ध पचेना. तेव्हा परवानगी बदलली: वेळेतही घ्या, अवेळीही घ्या. म्हणजे सवलत दिली, ती चुकीच्या वेळेची ठरली, म्हणून तीही दुरुस्त केली. हे सगळं त्याच पिटकात नोंदलेलं आहे, ते कुणी खोडून काढलं नाही. मी मात्र तूप आणि गूळ सोडून बसलो होतो, ज्यांना खुद्द बुद्धांनी मोकळीक दिली त्यांनाच.

पुढे तर वाचताना मी मोठ्याने हसलो. गुळाबद्दल एका भिक्खूला शंका आली. गूळ करताना त्यात पीठ मिसळलेलं त्याने बघितलं होतं, मग तो अवेळी चालेल कसा? बुद्ध म्हणाले, चालेल. आणि दुसऱ्या ठिकाणी: आजाऱ्याला गूळ, निरोग्याला गुळाचं पाणी. वहिनींनी त्या रात्री पितळी पेल्यात बोटाने जे ढवळलं, त्याला आजाऱ्याची अट सुद्धा नव्हती! आंब्याचा, जांभळाचा, केळ्याचा, द्राक्षाचा, फालशाचा रस गाळून घेतला तर अवेळी चालतो, उसाचा रस चालतो. लसूण एरवी बंद, पण सारिपुत्ताच्या पोटात वात धरला आणि पूर्वी त्याला लसणीने आराम पडायचा असं कळलं, तेव्हा आजारापुरती लसूण मोकळी झाली. थंडीचंही आहे. माघाच्या आसपासच्या हिमाच्या रात्री बुद्ध स्वतः उघड्यावर बसले. एका चीवरावर पहिला प्रहर निघाला, मग थंडी वाजली तसं दुसरं घेतलं, मग तिसरं. त्यावरून तीन चीवरांचा नियम ठरला. नियम करायच्या आधी माणूस रात्रभर थंडीत बसला, ही गोष्ट मला त्या दिवसांत फार जवळची वाटली.

यानंतर भाज्याला जाताना नजर बदलली. तिथलं चैत्यगृह, लाकडाच्या मूळ फासळ्या, स्थविरांच्या नावांचे स्तूप हे सगळं मी आधी भक्तीने बघायचो. आता कोठड्यांतले दगडी ओटे बघितले की पहिला विचार येतो, पौषात यावर निजायचं म्हणजे काय. दोन हजार वर्षांपूर्वी त्या ओट्यावर कुणी म्हातारा भिक्खू खोकत पडला असेल, तर त्याच्याजवळ तेलाची कुपी आणि काकवीची वाटी असणार, आणि ती सात दिवसांच्या वर साठवायची नाही हा नियमही असणार. सवलतीलाही कुंपण होतं, ते मला आवडलं.

आता अडचण सांगतो, कारण ती मी बरेच दिवस टाळत होतो. पाच औषधांत मध आहे, काकवी आहे. मधुमेह्याला रोज संध्याकाळी हे घ्यायला कोण सांगेल? साखर एकदम खाली गेली तर गूळ-पाणी हेच औषध, पण रोजचा आधार म्हणून नाही. मला जे हवं, ते हुलगे आणि बाजरी, म्हणजे धान्य, आणि धान्य तर अवेळी साफ वर्ज्य. रससुद्धा धान्याचा चालत नाही. शब्दाला धरून सवलत घेतली असती तर नियम शाबूत राहिला असता आणि मी गेलो असतो. इथे ग्रंथ मला सरळ उत्तर देत नाही. उलट बजावतोच. बुद्धांच्या पोटात वात झाला तेव्हा आनंदाने तीळ, तांदूळ आणि मूग मागून आणून स्वतः पेज शिजवली, आणि बुद्धांनी ती घेतली नाही, त्याला बोल लावला. घरात साठवलं, घरात शिजवलं, स्वतः शिजवलं, हे त्यांना पटलं नाही. तीळ, तांदूळ, मूग: भोगीला वहिनींच्या ताटात मुगाची खिचडी आणि तिळाची भाकरी होती. आजाराला काय लागतं याबद्दल आनंद आणि वहिनी एकमताचे आहेत. पण आनंद भिक्खू होता, त्याने चूल मांडायची नव्हती. मी भिक्खू नाही. चूल वहिनींची आहे.

सगळा मुद्दा मला इथे सुटला. भिक्खूचा नियम मी गृहस्थाच्या अंगावर चढवला होता, आणि त्याच्याबरोबर येणाऱ्या सवलती मात्र बाहेर ठेवल्या होत्या, कारण सवलत घेणारा कच्चा असतो अशी माझी समजूत. आता मला वाटतं की ज्याने नियम केला त्याला ऋतू, वय आणि आजार दिसत होते. ते न बघता नियम पाळणं सोपं असतं, आणि मी सोपं तेच करत होतो. चरक आणि वाग्भटही हेच वेगळ्या वाटेने सांगतात: हेमंतात जठराग्नी प्रखर असतो, त्याला इंधन दिलं नाही तर तो शरीरातलाच रस जाळतो, म्हणून स्निग्ध आणि उष्ण खावं. वाडीत हे कुणी वाचलेलं नाही. संक्रांतीच्या आधी तीळ आणि बाजरी आपोआप चुलीवर येते.

माडगं पुष्कळ जण गूळ घालून करतात. माझं मीठ-लसणाचं. हुलगे भाजून भरडून ठेवलेले असतात. त्याचं पीठ थंड पाण्यात कालवून, उकळत्या पाण्यात सोडून ढवळत राहायचं, नाहीतर गाठी होतात. वर जिऱ्या-लसणीची फोडणी, थोडं तूप. बाजरी भातापेक्षा साखर सावकाश चढवते, म्हणून भात दुपारी आणि रात्री अर्धी भाकरी. गोळी बदलली आहे. आठवड्यातून काही पहाटे बोट टोचून बघतो. घामाने जाग येणं थांबलं.

विहारातल्या ज्या मित्राने पुस्तक दिलं, त्याला हे सगळं वाचून दाखवलं. त्याला पटलं नाही. तो म्हणाला, "ही पळवाट आहे. गांधीजींनी दूध सोडलं आणि मग शेळीचं घेतलं, तसं." गांधीजींची गोष्ट मला माहीत होती. १९१२ साली दुधाचं व्रत, १९१८ च्या आजारपणात शरीर खंगलेलं, आणि शेवटी व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती ना, मग शेळीचं चालेल, हा कस्तुरबांचा युक्तिवाद. आपण शब्द पाळला, आशय सोडला, हा सल गांधीजींनी आत्मकथेत लपवला नाही. मी मित्राला म्हणालो, मला शेळी शोधायची नाही. मी म्हणतच नाही की माडगं औषध आहे. ते जेवण आहे, आणि मी ते अवेळी घेतो.

"मग ते अष्टशील नव्हे," तो म्हणाला. "तसं सांग."

हे मात्र त्याचं बरोबर होतं. पुढच्या हिवाळ्यात, मार्गशीर्षाच्या पौर्णिमेला विहारात सगळे आठ शीलं म्हणत होते, मी पाचव्यापाशी थांबलो. बाजूच्या माणसाने वळून बघितलं. चारचौघांना कळेल अशी तजवीज या वेळी वेगळी करावी लागली नाही. कुणी आदराने बघितलं नाही, आणि त्याचं थोडं वाईट वाटलं, हेही लिहून टाकतो. हौस म्हणून सोडलेलं तीळ-शेंगदाणा पुन्हा सुरू केलं, त्याला कुणाला विचारायची गरज नव्हती. उन्हाळ्यात दुपारनंतर न खाण्याची इच्छा अजून आहे. तो हलकेपणा मी विसरलेलो नाही.

फाल्गुनी पौर्णिमेला सहावं म्हणायचं की नाही, ते त्या महिन्यातला रक्ताचा अहवाल बघून डॉक्टरांशी बोलून ठरवणार आहे. मित्र म्हणतो, शील प्रयोगशाळेच्या कागदावर ठरत नसतं. आमचा वाद चालू आहे. वहिनींना त्यात मी ओढलेलं नाही. त्यांनी हुलगे भरडून आणलेत, ते पावसाळ्यापर्यंत पुरतील एवढे.